मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

घरातले कुणी अमेरिकेला निघाले की शेजारच्या बायका आणि मशिदीच्या पायरीवर बसलेले बुजुर्ग दोन प्रश्न हमखास विचारतात. "किती लांब आहे?" आणि "किती वेळ लागतो?" उत्तर देणारा मोबाईलमध्ये बघून सांगतो, "साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास." ऐकणारा "या अल्लाह!" म्हणतो आणि विषय तिथेच थांबतो.

खरे तर विषय इथून सुरू होतो. हे साडेबारा हजार कुणी मोजले? जाताना सोळा तास लागतात, मग येताना चौदा कसे? तिकिटावर रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोहोचणार असे छापले आहे, म्हणजे साडेपाच तासांचाच प्रवास का? आज कोकणात, मराठवाड्यात, भिवंडी-मालेगावात अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांचा मुलगा, लेक किंवा जावई सातासमुद्रापार आहे. त्या घरांना या प्रश्नांची नीट उत्तरे माहीत असायला हवीत. कारण कधी ना कधी या तासांचा हिशेब घाईघाईत करावा लागतो, आणि त्या वेळी डोके शांत नसते.

दोऱ्याने मोजलेले अंतर

शाळेत भूगोल शिकवताना मी एक साधा प्रयोग करून घेते. शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यायचा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरायचे आणि दोरा घट्ट ताणायचा. मग तो पट्टीवर मोजायचा. साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजाराच्या आसपास उत्तर येते. मोबाईल जो आकडा दाखवतो तो असाच, फक्त जास्त बारकाईने काढलेला असतो : सुमारे १२,५३० किलोमीटर.

मात्र हाच आकडा कुठे ७,७९० तर कुठे ६,७७० असा छापलेला दिसतो आणि मुले गोंधळतात. पहिला साधा मैल, दुसरा सागरी मैल. अंतर एकच, मापे तीन. विमानाचे वैमानिक आणि जहाजावरचे लोक सागरी मैलात बोलतात. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांत आजोबा-पणजोबा बोटीवर खलाशी होते, तिथे हा शब्द अजून ओळखीचा असेल. सागरी मैल हा पृथ्वीच्या गोलाईतूनच आला आहे. गोलाच्या केंद्राशी होणाऱ्या एका अंशाचे ६० भाग केले की एका भागाइतके जमिनीवरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

विमान उत्तरेकडे का निघते?

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा बघा. मुंबई उजवीकडे, न्यूयॉर्क डावीकडे, थोडे वर. दोघांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौदी अरेबियावरून, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया ओलांडून मोरोक्कोच्या मराकेश शहराजवळून अटलांटिक महासागरात उतरते. कुणालाही वाटेल, विमान याच वाटेने जात असणार.

पण दोरा पुन्हा बघा. तो अरबस्तानाकडे जातच नाही. मुंबईहून निघून तो बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असा वर चढतो, मॉस्कोच्या जवळून जातो, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे ओलांडतो, आइसलंडच्या दक्षिण भागावरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो, मग कॅनडावरून खाली उतरून न्यूयॉर्कला पोहोचतो. मुंबईहून निघताना त्याची दिशा पश्चिम नसतेच. ती जवळजवळ उत्तर असते, पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश झुकलेली.

एकदा सातवीतल्या एका मुलीने हे बघून विचारले, "टीचर, एवढा वळसा कशासाठी?" वळसा दोऱ्यात नाही, नकाशात आहे. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायची म्हटले तर ती कुठेतरी फाटते किंवा ताणावी लागते. जगाचा जो नकाशा आपण बहुतेक वेळा बघतो, तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये जहाजांच्या सोयीसाठी आखलेल्या पद्धतीचा आहे. त्यात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रदेश ताणून मोठे केलेले असतात. म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी आहे.

नकाशावरच्या पट्टीच्या रेघेने विमान गेले तर अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त. म्हणजे दोन तास जादा आणि त्या दोन तासांचे इंधन जादा. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली ही सर्वांत जवळची वाट ज्या मोठ्या वर्तुळाचा भाग असते, त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, ताणलेला दोरा लक्षात ठेवा.

किब्ल्याची दिशाही दोराच सांगतो

हा हिशेब आपल्याला परका नाही. न्यूयॉर्कला गेलेल्या आपल्या मंडळींना पहिल्याच दिवशी एक आश्चर्य वाटते. मक्का शरीफ न्यूयॉर्कच्या पूर्वेला आणि दक्षिणेला आहे, हे नकाशा सांगतो. तरीही तिथल्या बहुतेक मशिदींत नमाजी ईशान्येकडे तोंड करून उभे राहतात. उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५८ अंश. गोलावर न्यूयॉर्क ते मक्का दोरा ताणला की तो ईशान्येकडेच निघतो. विमानाची वाट आणि किब्ल्याची दिशा, दोन्हींमागे एकच गणित आहे.

हे गणित विमाने यायच्या हजार वर्षे आधी मुस्लिम विद्वानांनी मांडले होते. ख्वारिझममध्ये ९७३ साली जन्मलेल्या अल-बिरूनीने गझनी शहरातून किब्ल्याची नेमकी दिशा काढण्यासाठी शहराशहरांमधली अंतरे आणि अक्षांश-रेखांश यांवर एक पूर्ण ग्रंथ लिहिला, 'तहदीद निहायात अल-अमाकिन'. डोंगराची उंची आणि माथ्यावरून दिसणारा क्षितिजाचा उतार मोजून पृथ्वीची त्रिज्या काढण्याची रीत त्यानेच वापरली. ही मोजणी त्याने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळ केली. हा किल्ला आज पाकिस्तानात आहे. घरातल्या मुलांना मोबाईलवर किब्ल्याचा बाण दाखवताना ही गोष्टही सांगावी. त्या बाणामागे पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे.

जाताना सोळा, येताना चौदा

मोठे प्रवासी विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. साडेबारा हजाराला नऊशेने भागले की चौदा तास येतात. मग जाताना जास्त का लागतात?

कारण वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जिथून ही विमाने उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. हिवाळ्यात काही पट्ट्यांत त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. नदीत पोहणाऱ्याला जे कळते, तेच इथे लागू पडते. प्रवाहाविरुद्ध हात मारला की पुढे सरकणे कमी, प्रवाहाबरोबर जास्त. समजा सबंध वाटेवर सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला. मग विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ८२० किलोमीटरच पुढे जाईल आणि सव्वापंधरा तास लागतील. तोच वारा पाठीमागून आला तर वेग ९८० आणि वेळ पावणेतेरा तास. यात चढणे, उतरणे आणि धावपट्टीवरचा वेळ मिळवा. म्हणून मुंबईहून थेट जाताना साधारण पंधरा ते सोळा तास आणि येताना साधारण चौदा तास धरावेत. वैमानिक रोजच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन वाट थोडी इकडेतिकडे सरकवतात. म्हणून कालचे विमान आणि आजचे विमान एकाच रेघेवरून जात नाही.

आकाशातली बंद दारे

दोऱ्याची वाट आणखी एका कारणाने मोडते. आकाशालाही सरहद्दी असतात. प्रत्येक देश आपल्या आकाशातून कुणाला जाऊ द्यायचे हे ठरवतो. दोऱ्याच्या वाटेवरचे देश पुन्हा आठवा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. यातले एखादे दार बंद झाले की तास वाढलेच.

बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते आणि भारतातून पश्चिमेकडे जाणारी विमाने वळसा घेऊन जात होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि रशियाचे आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांना मात्र ते खुले राहिले. एका अमेरिकी कंपनीने तर मुंबईची आपली थेट सेवाच थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आपले आकाश बंद केले आणि उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. जून २०२५ मध्ये इराण-इस्राईल लढाईच्या दिवसांत इराण-इराकचे आणि काही तास आखाती देशांचेही आकाश बंद पडले.

म्हणून कुणी दोन वर्षांपूर्वी गेलेला नातेवाईक "आम्हाला तर पंधराच तास लागले" म्हणत असेल, तर त्याचा आकडा खोटा नाही, जुना आहे. तिकीट काढताना आजची वेळ विचारावी. विमान वाटेत इंधनासाठी थांबते का, हेही विचारावे.

घड्याळाचा हिशेब

आता ते तिकीट. डिसेंबर महिना समजा. मुंबईहून रात्री २:०० वाजता सुटणार, न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० वाजता पोहोचणार. बघणाऱ्याला वाटते, साडेपाच तास.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळचे ७:३० तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६:००. रात्री २ ते संध्याकाळी ६, म्हणजे सोळा तास. हा खरा प्रवास.

परतीला उलटे. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघाले आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:०० ला उतरले. वरवर साडेचोवीस तास. त्यातून साडेदहा वजा केले की चौदा.

एक भानगड आणखी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेदहा नव्हे, साडेनऊ तासांचा असतो. विमानतळावर आणायला जाणाऱ्याला आणि रोज ठरावीक वेळी फोनची वाट बघणाऱ्या अम्मीला, दोघांनाही हे माहीत असलेले बरे. मार्चमध्ये मुलाचा फोन अचानक तासभर आधी यायला लागला, तर तिथले घड्याळ बदलले एवढेच.

थेट जावे की थांबत?

एअर इंडियाचे न्यूयॉर्कला जाणारे बोइंग ७०७ विमान १९६० मध्ये सुरू झाले, ते लंडनमार्गे जात असे. मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जाणारी सेवा २००७ मध्ये आली. आजही अनेक कुटुंबे दुबईसारख्या आखाती शहरातून किंवा युरोपातून विमान बदलून जातात, कारण भाडे बहुतेक वेळा कमी पडते.

यात अंतर किती वाढते? मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. बेरीज १२,९३०. थेट अंतरापेक्षा फक्त ४०० किलोमीटर जास्त, म्हणजे अर्ध्या तासाचे उड्डाण. लंडनमार्गे तर सव्वादोनशे किलोमीटरच वाढतात. वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम. दोन तासांचा असेल तर धावपळ आणि सामान मागे राहण्याची भीती, दहा तासांचा असेल तर वृद्धांचे हाल. पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या अम्मी-अब्बांसाठी थेट विमानाचे चार पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत. थांबत जायचेच असेल तर तीन-चार तासांचा मुक्काम बरा, आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

विमानाचे सोळा तास हा पूर्ण प्रवास नव्हे. चिपळूणच्या एका घराचा हिशेब मांडू. घर ते मुंबई विमानतळ रस्त्याने सहा-सात तास. घाटातली आणि महामार्गावरची अडवणूक धरून एक तास राखीव. विमानतळावर तीन तास आधी. विमानात सोळा. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान, दोन तास. तिथून मुलाच्या घरापर्यंत तास-दीड तास. बेरीज तीस तासांच्या आसपास. सत्तरीच्या माणसाला तीस तास म्हणजे खेळ नाही. म्हणून चार गोष्टी आधीच ठरवाव्यात.

चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावे. यात कमीपणा काही नाही, मोठ्या विमानतळावर चालणे फार असते. हलाल जेवणही आधीच नोंदवावे, विमानात बसल्यावर मागून ते मिळत नाही.

औषधे हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन खाली जाणाऱ्या सामानात कधीही टाकू नये, तिथल्या थंडीने ते गोठून खराब होऊ शकते. साखरेच्या रुग्णाने औषधाची वेळ मनगटावरचे घड्याळ बघून ठरवू नये. घड्याळ साडेदहा तास सरकते, शरीर सरकत नाही. मागच्या डोसनंतर किती तास झाले ते मोजावे लागते, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तासांचा तक्ता लिहून घ्यावा.

बसल्या जागी पाय सुजतात आणि शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. दर एक-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. पोहोचल्यावर झोपेची घडी बसायला आठवडाभर तरी लागतो. आल्या आल्या अम्मी रात्री तीनला जागी होऊन स्वयंपाकघरात भांडी लावत असेल, तर सुनेने घाबरू नये. तिच्या शरीरात तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो.

रोजा आणि नमाज

रमजानमध्ये प्रवास करणाऱ्यांना सूर्य फसवतो. विमान पश्चिमेकडे जाते आणि सूर्यही पश्चिमेकडे सरकतो, म्हणून दिवस लांबतो. विषुववृत्तावर सूर्याचा हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो, पण आइसलंडच्या उंचीवर, म्हणजे ६५ अंश अक्षांशावर, तो ताशी सातशेच्या आसपास येतो. विमान त्याहून वेगात असते. तिथे सूर्य मावळायचे नावच घेत नाही, उलट वर चढल्यासारखा वाटू शकतो. मुंबईच्या घड्याळाने मगरिब होऊन गेलेली असते आणि खिडकीबाहेर ऊन असते. परतीच्या प्रवासात दिवस आखडतो आणि नमाजांच्या वेळा भराभर एकामागून एक येतात.

मुसाफिराला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिलेली आहे, ती अशाच अडचणीसाठी. तिचा फायदा घ्यावा की नाही आणि नमाजांच्या वेळा कशा धराव्यात, हे निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. हवेत बसून शेजाऱ्याशी वाद घालण्यात मजा नाही.

ज्या सफरीची तारीख आधी कळत नाही

आता ज्या हिशेबासाठी हे सारे समजून घ्यायचे, त्याकडे येते.

समजा, डिसेंबरमध्ये चिपळूणच्या त्याच घरात फजरच्या सुमारास, सकाळी ६ वाजता, अब्बांचा इंतकाल झाला. लेक न्यूयॉर्कला आहे. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७:३० वाजले आहेत. फोन गेला. तिने तासाभरात तिकीट काढले, नशिबाने त्याच रात्री ११ चे थेट विमान मिळाले. त्या वेळी आपल्याकडे सकाळचे ९:३०. चौदा तासांनी, रात्री ११:३० ला ती मुंबईत उतरली. तपासणी आटोपून एक वाजता बाहेर पडली. पुढे रस्त्याचे सहा-सात तास. घरी पोहोचली सकाळी आठला. सगळे अगदी मनासारखे जुळून आले तरी सव्वीस तास. थेट विमान नसेल, जागा नसेल, लहान मुलाचा व्हिसा संपलेला असेल तर दोन दिवसही लागतात.

आपल्याकडे मयत एवढा वेळ ठेवत नाहीत. जुहर किंवा असरनंतर जनाजा उठतो. म्हणजे ज्या क्षणी फोन वाजला, त्याच क्षणी ती अब्बांचे तोंड बघण्यापासून दूर राहिली होती. यात तिची कुचराई नाही आणि दफन उरकणाऱ्यांची निष्ठुरताही नाही. अंतरच एवढे आहे.

हे आधी माहीत नसले की घरात कायमची कटुता राहते. "माझी वाट का बघितली नाही?" असे लेक विचारते आणि "एवढे पैसे कमावतेस, बापाला माती द्यायला आली नाहीस," असे कुणी खाला किंवा चाची बोलून जाते. दोन्ही वाक्ये वर्षानुवर्षे पुसली जात नाहीत. म्हणून परदेशी माणूस असलेल्या प्रत्येक घराने एकदा, सगळे धडधाकट असताना, बसून बोलावे. वाट बघायची नाही, हे ठरवायचे असेल तर मोठ्यांनी आपल्या तोंडून सांगावे. "मी गेलो तर कुणासाठी ताटकळू नका, ती जिथे असेल तिथून दुआ करेल," हे अब्बांनी स्वतः म्हटलेले असले की लेकीच्या मनावरचे ओझे अर्धे उतरते. परदेशी असणाऱ्यांनी स्वतःचा आणि मुलांचा पासपोर्ट, व्हिसा मुदतीत ठेवावा आणि तिकिटापुरते पैसे बाजूला काढून ठेवावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. तीस तासांचा हा प्रवास जनाज्यासाठी पुरा पडत नाही, पण इयादतीसाठी पडतो. डॉक्टरांनी "आता वय झाले, सांभाळा" असे म्हटले की मुलांना कळवायला संकोच करू नये. "कशाला काळजीत टाकायचे?" म्हणून आपण आजार लपवतो आणि त्यात त्यांचे दिवस निघून जातात. मुलांनीही सुट्टी, मुलांच्या परीक्षा, स्वस्त भाडे यांची वाट बघत बसू नये. जिवंत अब्बांच्या पायाशी आठ दिवस बसता आले, त्यांना आपल्या हाताने पेज भरवता आली, तर पुढे तोंड बघायला मिळाले नाही याचे दुःख सोसता येते.

पुढच्या वेळी कुणी विचारले, "न्यूयॉर्क किती लांब?" तर साडेबारा हजार किलोमीटर जरूर सांगा. त्याच्या पुढे हेही सांगा : निघायचे ठरवल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत सव्वा दिवस, तोही सारे जुळले तर. हा आकडा दोन्हीकडच्या घरांत लिहून ठेवलेला असावा.